पहिल्या रेझिलियन्स परिषदेला जाताना: मधली वर्षं विचारा

शाश्वतता आणि कम्युनिटी रेझिलियन्स (म्हणजे संकट झेलून पुन्हा सावरायची समाजाची ताकद) यांवरच्या पहिल्या परिषदेला निघालं की जो तो एकच सल्ला देतो, ‘नेटवर्किंग कर’. नवख्या माणसाला हा सल्ला त्रासदायक ठरतो, असं माझं ठाम मत आहे. कुणाला काय विचारायचं हे ठरलेलं नसेल, तर नुसत्या ओळखी करत फिरण्यात जीव दमतो. संध्याकाळपर्यंत वाटायला लागतं, आपलं इथे काय काम? मला वाटलं होतं. तुम्हालाही तसं वाटलं तर आपण या क्षेत्रात उगाच आलो, असा अर्थ काढू नका. एकाच सभागृहात जलतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ, नगररचनाकार, आरोग्य कार्यकर्ते आणि विमा कंपन्यांची माणसं बसलेली असतात. दुसऱ्याच्या विषयातलं निम्मं बोलणं प्रत्येकाच्याच डोक्यावरून जातं. ज्येष्ठ मंडळी ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत, एवढंच.

नोंदणी, कामाचा छोटा सारांश म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट, आपलं काम मांडणारा फलक म्हणजे पोस्टर, हे तुम्हाला माहीत असेलच. जाण्याआधी स्वतःच्या कामातला एक प्रश्न मात्र वहीत लिहून न्या. ‘रेझिलियन्स कसा वाढवायचा’ असा नको, त्याला उत्तर नसतं. ‘इशारा मिळूनही लोक घर का सोडत नाहीत’ किंवा ‘प्रकल्प संपल्यावर पंपाची देखभाल कोण करतं’ असा हवा. समांतर सत्रांपैकी कुठलं गाठायचं हे हा प्रश्नच ठरवतो. बाकीची सुटली तर सुटू द्या.

थोडं वाचनही करून जा. २०१५ या एका वर्षात तीन मोठे जागतिक दस्तऐवज आले: मार्चमध्ये आपत्ती-जोखीम कमी करण्याचा सेंदाई आराखडा, सप्टेंबरमध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आणि डिसेंबरमध्ये हवामानबदलावरचा पॅरिस करार. सत्रांमधली बरीचशी परिभाषा या तिघांतून येते. आपत्ती, विकास आणि हवामान या तीन विषयांवर काम करणारी माणसंही बरीच वेगवेगळी, त्यांचे निधीचे स्रोत वेगळे आणि यश मोजायच्या पद्धतीही वेगळ्या. एखादं भाषण अजिबात लागत नसेल तर वक्ता यांतल्या कुठल्या गोटातून आलाय ते बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. सेंदाईचे चार प्राधान्यक्रम आणि सात लक्ष्यं तेवढी वाचून जा. १७ उद्दिष्टांखालची १६९ लक्ष्यं पाठ करायची मुळीच गरज नाही.

आता ज्या सापळ्याने मला पकडलं, त्याबद्दल. तो आहे यशोगाथेचा.

या परिषदांमधली बहुतेक सादरीकरणं एका साच्याची असतात. पहिल्या स्लाइडवर आपत्ती, दुसरीवर उपाय, तिसरीवर घसरलेला आकडा. मग एक हसरा ग्रुप फोटो आणि टाळ्या. आपण भारावून सगळं टिपून घेतो. परत येऊन ते आपल्या कामाला लावायला बसलं की वहीतलं काहीच बसत नाही, कारण सुरुवात आणि शेवट यांच्यामधली वर्षं स्लाइडवर नसतातच. सादर करणारे खोटं बोलत नाहीत. बारा मिनिटं मिळतात, समोर निधी देणारे बसलेले असतात आणि अहवालही प्रकल्प संपतानाच लिहिलेला असतो. मधलं गळतं ते असं.

बांगलादेशचंच उदाहरण घ्या, ते तुम्हाला बहुतेक प्रत्येक परिषदेत भेटेल. १९७०च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ मध्ये स्वयंसेवकांचा चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. २०२० च्या अम्फान वादळात त्या देशातल्या मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि खरोखर थक्क करणाऱ्या आहेत. पण एवढंच ऐकलं तर वाटतं की स्वयंसेवक नेमले, हातात मेगाफोन दिले की काम झालं. मध्ये १९९१ आहे. कार्यक्रम सुरू होऊन जवळपास दोन दशकं झाली होती, इशारेही दिले गेले होते, तरी त्या वर्षीच्या चक्रीवादळात एक लाखाहून जास्त माणसं मेली. निवारे फार कमी होते. घर आणि गुरं सोडून जायची लोकांची तयारी नव्हती. मृतांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. त्यानंतर निवाऱ्यांची संख्या वाढली, एरवी शाळा म्हणून चालतील असे निवारे उभे राहिले, त्यात बायकांची वेगळी सोय आणि गुरांना जागा आली, स्त्री स्वयंसेवक वाढल्या. ‘इशारा मिळूनही लोक घर का सोडत नाहीत’ या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर १९७२ मध्ये नाही, १९९१ नंतरच्या या दुरुस्त्यांत आहे. आणि स्लाइडवर नेमकं तेच नसतं.

म्हणून प्रत्येक यशोगाथेला एक प्रश्न विचाराच: मधल्या काळात काय बिघडलं आणि ते कुणी दुरुस्त केलं? त्याच्या मागोमाग आणखी दोन. हा आकडा प्रकल्प चालू असताना मोजला की संपल्यावर? आणि आज देखभालीचा खर्च कोण करतं? बस. या तीन प्रश्नांनी मला जेवढं शिकवलं तेवढं उद्घाटनाच्या भाषणांनी शिकवलं नाही.

फक्त ते भर सभेत माईकवरून विचारू नका. तिथे माणूस संस्थेच्या वतीने बोलतो, आणि त्याला कोंडीत पकडून तुम्हाला काही मिळत नाही. पोस्टरपाशी विचारा, तेही गर्दी ओसरल्यावर. पुराची पातळी दाखवणाऱ्या खांबांवरचं एक पोस्टर मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पुलाच्या खांबावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आणि शेजारी सूचनाफलक. मी पोस्टरवालीला विचारलं, ‘हा रंग दरवर्षी कोण देतं?’ ती जरा थांबली, मग पोस्टर सोडून सांगायला लागली. दुसऱ्याच पुरात खालच्या पट्ट्यावर गाळाचा थर बसला आणि हिरवा रंग दिसेनासा झाला. रंगाची जबाबदारी ज्या तरुणाकडे होती तो कामासाठी गाव सोडून गेला. एक पावसाळा खांब तसाच राहिला. मग शाळेतल्या एका शिक्षिकेने ते काम अंगावर घेतलं. आता पावसाआधी मुलं खांब घासतात, रंगवतात आणि घरी जाऊन पट्ट्यांचा अर्थ सांगतात. यातलं एक अक्षरही पोस्टरवर नव्हतं, कारण हे सगळं निधी संपल्यानंतर घडलं. माझ्या कामाला त्या परिषदेतून जे खरं मिळालं, ते त्या दहा मिनिटांत.

‘लोकसहभाग’ हा शब्द कानावर आला की शेरी आर्नस्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने १९६९ मध्ये मांडलेली शिडी आठवा. सहभागाच्या आठ पायऱ्या: तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं आणि सल्लामसलत, सगळ्यात वर निर्णय लोकांच्या हातात. ज्या कामाबद्दल ऐकताय ते कितव्या पायरीवर आहे, हे मनात ठरवायची सवय लावा. बऱ्याचदा ‘सहभाग’ म्हणजे एक बैठक आणि हजेरीपट असतो.

आपत्ती स्वतः भोगलेली माणसं पॅनेलवर किंवा श्रोत्यांत असतील तर त्यांच्याशी जरूर बोला, पण त्यांना केस स्टडी समजू नका. फोटोआधी विचारा. त्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या परवानगीशिवाय तुमच्या प्रपोजलमध्ये घालू नका. इथे मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही. कुणाच्या वाहून गेलेल्या घरावर आपल्याला निधी मिळावा आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसावा, हे या क्षेत्रात घडतं आणि ते वाईट आहे.

मेंटॉरबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. पहिल्या परिषदेत फार मोठ्या नावाच्या मागे लागू नका. त्यांना वेळ नसतो, आणि त्यांची सुरुवातीची अडचण त्यांना आता आठवतही नसते. तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षं पुढे असलेलं माणूस शोधा. फेलोशिपचा अर्ज का नाकारला गेला, कुठली संस्था नवख्यांना फील्डवर पाठवते, कुठे नुसतं एक्सेल भरून घेतात, हे तेच सांगू शकतं. आणि जो मेंटॉर दहा जणांशी ओळख करून देतो पण तुम्हाला एक वाक्य बोलू देत नाही, त्याच्यापासून सौजन्याने लांब राहा.

स्लाइडचे फोटो काढत सुटणं हा तर सगळ्यात फसवा शॉर्टकट. फोटो पुन्हा उघडले जात नाहीत. सत्राचा तयार सारांश काढून देणाऱ्या अ‍ॅपबद्दलही तेच म्हणेन: वक्ता कुठे अडखळला, कुठला प्रश्न त्याने टाळला, हे त्यात येत नाही आणि शिकायचं तर तिथेच असतं. हाताने चार ओळी लिहा. त्यातली एक ओळ ‘काय सांगितलं नाही’ याची असू द्या.

दमलात तर एक सत्र सोडून बाहेर बसा. काही बुडत नाही. मोठ्या घोळक्यात शिरायचा धीर होत नसेल तर सत्र सुरू व्हायच्या जरा आधी आत जाऊन एकट्या बसलेल्या माणसाच्या शेजारी बसा आणि ‘तुम्ही कशावर काम करता?’ एवढंच विचारा. बुजऱ्या माणसाला जमतं, मी खात्रीने सांगते.

परतल्यावर दोन-तीन दिवसांत मेल पाठवा, पण सगळ्यांना नको. ज्यांच्याशी खरं बोलणं झालं त्यांनाच. ‘भेटून आनंद झाला’ यावर मेल संपवू नका, त्यांनी सांगितलेली एक नेमकी गोष्ट लिहा आणि तिच्यावर एकच प्रश्न विचारा, दोन ओळींत उत्तर देता येईल असा. फाइल जोडू नका, सीव्ही तर नकोच. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरीही नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका. ही माणसं बरेचदा फील्डवर असतात, आणि पुढच्या परिषदेत तोच प्रश्न समोरासमोर विचारता येतो.