जनरल रजिस्टरातला एक रकाना : ख्रिस्ती प्राथमिक शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

अल्पसंख्याक संस्थेच्या प्राथमिक शाळेत नुकतेच लागलेले किंवा लागण्याच्या बेतात असलेले तरुण शिक्षक मला अधूनमधून विचारतात की, अशा शाळेत सर्व मुलांना समान वागवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे. समता आणि समावेशन या शब्दांच्या व्याख्या मी सांगत बसणार नाही, कारण त्या तुम्ही डी.एल.एड.च्या उत्तरपत्रिकेत लिहूनच आलेले आहात. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित मराठी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळेत मी चौदा वर्षे शिकवत आहे. दुसऱ्याच वर्षी माझ्या हातून जी चूक घडली, तिच्याविषयीच मला प्रामुख्याने लिहायचे आहे. बाकीचे ओघात येईल.

संस्थेत पाऊल ठेवल्यापासून तुमच्या कानांवर एक वाक्य पडत राहील : ‘आपल्याला ते लागू नाही.’ संविधानाचा अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या ‘प्रमती’ निकालानंतर शिक्षण हक्क कायदा, म्हणजेच त्यातले पंचवीस टक्के राखीव प्रवेशही, अशा शाळांना लागू राहिले नाहीत, हे खरेच आहे. परंतु त्याच संविधानाच्या अनुच्छेद २९(२) प्रमाणे अनुदान घेणारी शाळा धर्म, वंश, जात किंवा भाषा एवढ्याच कारणावरून कोणाचा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि अनुच्छेद २८(३) प्रमाणे पालकाच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी व्हायला लावता येत नाही. ही दोन कलमे पाठ करा. तो कायदा लागू नसल्याने अल्पसंख्याक शाळेत टीईटीवाचून, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेवाचून, लागता येते, ही आडवाटही कोणीतरी दाखवील. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमती निकालाबद्दलच शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यास सांगितले आहे, तेव्हा त्या वाटेवर घर बांधू नका. मी स्वतः टीईटी सुरू होण्याआधी लागलो, त्यामुळे हे सांगण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे.

आता माझी चूक. माझे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने रोज संध्याकाळी म्हटली जात. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, हे मी इतक्या वेळा ऐकले होते की समता ही जणू आमच्या घरची वतनदारी आहे, अशी माझी समजूत झाली होती. आपल्या हातून भेदभाव होऊच शकत नाही, असे ज्याला मनापासून वाटते त्या शिक्षकापासून मुलांना सर्वांत जास्त धोका असतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी पटले नसते.

जून महिना होता. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता, पट अडतीस, त्यांत ख्रिस्ती मुले अकरा. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गाची माहिती जनरल रजिस्टरशी, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या कायम नोंदवहीशी, ताडून पाहण्यास सांगितले होते. रजिस्टर वर्गातच टेबलावर उघडून मी एकेक नाव तपासत होतो. एका मुलाच्या नावापुढे धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहिलेले होते आणि पुढे अनुसूचित जातीतील एक जात. हा मुलगा दर रविवारी आईवडिलांबरोबर आमच्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला येई. मला वाटले, लिपिकाची नजरचूक असणार. मी मोठ्याने विचारले, “काय रे, तू तर आपल्या मंडळीतला, मग इथे हिंदू कसे लागले? बाबांना पाठवून दे, दुरुस्त करून घेऊ.”

एवढेच. रागावलो नाही, हिणवले नाही. उलट आपुलकीने बोललो, आणि मुलगा काही न बोलता खाली पाहत उभा राहिला. मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याला ‘कागदावरचा हिंदू’ म्हटले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. ती भांडली असती तर मला सोपे गेले असते. दाराशीच उभी राहून तिने विचारले, “सर, नाव काढून नेऊ का?”

या प्रसंगाचा अर्थ समजायला मला काही महिने लागले, म्हणून तो जरा फोड करून सांगतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागासवर्गात होते. म्हणजे रजिस्टरातला तो एक शब्द बदलला तर जातीचा दाखला, पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा, रमाई आवास योजनेतले घरकुल हे सगळे डळमळते. शिवाय प्राथमिक शाळेची नोंद ही केवळ त्या वर्षापुरती नसते. जातीच्या दाखल्यासाठी बापाच्या आणि आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा शोधत फिरणारी माणसे आमच्या कार्यालयात आजही येतात, आणि अनुसूचित जातीसाठी तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. चौथीतल्या मुलाच्या नावापुढे आज काय लिहिले आहे, ते त्याच्या नातवाला उपयोगी पडणार असते.

काही कुटुंबांची श्रद्धा एकीकडे असते आणि कागद दुसरीकडे. त्यामागे कुठे जुनी भीती असते, कुठे गरज असते, कुठे नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्यात असते, तर कुठे बाप्तिस्मा झालेलाच नसतो आणि फक्त भजनांची गोडी असते. ते कायद्यात बसते की नाही, हे ठरवायला उपविभागीय अधिकारी आणि जातपडताळणी समिती आहेत. पालकाने प्रवेशाच्या वेळी जे कागद दिले त्यांप्रमाणे रजिस्टर असते, आणि त्यात बदल करायचा तर पालकाचा अर्ज, पुरावे आणि शिक्षण विभागाची मंजुरी लागते. वर्गशिक्षक त्यात कुठेच येत नाही. मी मात्र अडतीस मुलांदेखत एका दहा वर्षांच्या मुलाची जात, त्याच्या आईवडिलांची श्रद्धा आणि त्यांच्या घराची गरज, तिन्ही एका वाक्यात उघडी केली. माझ्या घराण्याला अशा कागदाची गरज तीन पिढ्यांत पडली नव्हती, म्हणून मला ती गरज दिसलीच नाही.

हे वाचून घाबरून जाऊ नका. मुलगा परत आला. पहिलीला एकतीस वर्षे शिकवणाऱ्या आमच्या एका बाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या, मी माफी मागितली आणि त्याच्या आईने चहा केला. ते कुटुंब त्यानंतर मंडळीत आले नाही, हेही लिहिले पाहिजे. ते माझ्याच खात्यावर आहे.

घरी परतताना त्या बाईंनी मला एक गोष्ट दाखवली. शिक्षकांच्या खोलीत आम्ही सर्रास ‘आपली मुले’ म्हणत असू, आणि त्याचा अर्थ ख्रिस्ती मुले असा होता. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो, हे आपण व्याकरणात शिकवतो. आमच्या शाळेत मात्र ‘आपली’ हाच शब्द सत्तावीस मुलांना बाहेर ठेवत होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशभरातील ख्रिस्ती अल्पसंख्याक शाळांतील जवळजवळ ७४ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांबाहेरचे आहेत. तेव्हा आपली कोण आणि परकी कोण, याचा हिशेब एकदा स्वतःच्या पटावर मांडून पाहा. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुमच्या शाळेत हा शब्द कोणासाठी वापरतात तेवढे कान देऊन ऐका, म्हणजे अर्धे काम झाले.

परिपाठातील प्रार्थनेविषयी थोडक्यात सांगतो. संमती प्रवेशाच्या वेळी लेखी घ्यावी, आणि ती मागताना पालकाला नकार देणे सोपे जाईल अशा शब्दांत मागावी. ज्यांनी नकार दिला त्यांची मुले व्हरांड्यात उभी करू नका. आमच्याकडे पूर्वी तसे होत असे आणि त्याला ‘आदर’ म्हटले जाई. आता राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि बोधकथा सर्वांसाठी एकत्र होतात, आणि उपासनेचा भाग शाळेच्या घंटेआधी पंधरा मिनिटे होतो. ज्यांना यायचे ते येतात. संस्थेच्या एका ज्येष्ठ सभासदांना हा बदल आवडला नाही. त्यांचे म्हणणे मी दोन बैठका ऐकून घेतले आणि अनुच्छेद २८(३) ची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. कलमापेक्षा उपयोग झाला तो घंटेआधीची उपस्थिती चांगली राहिल्याचा.

नाताळच्या नाटकात मरीया नेहमी गोरी मुलगीच होत असे. ही गोष्ट कोणी नियम म्हणून केलेली नव्हती, पण वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका ओळीत लावली तेव्हा ती लपेना. आता भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतात. एका मुस्लिम मुलाच्या आजीने सांगितले की नातू मेंढपाळ होईल, पण ‘देवाचा पुत्र’ हे वाक्य म्हणणार नाही. ते वाक्य आम्ही दुसऱ्या मेंढपाळाला दिले. आजीचा नातू मात्र घरचे खरे कोकरू घेऊन आला आणि नाटकात सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच लागल्या.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबाबत मात्र मी कठोरपणे सांगेन : ती गेली म्हणून हजेरीपटावरचे नाव कमी करू नका. तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून असलेले शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा आणि मार्चमध्ये परतल्यावर ती ज्या वर्गात होती त्याच वर्गात, त्याच बाकावर बसू द्या. कुबड्या घेऊन येणारे मूल वर्गात असेल तर रॅम्पच्या निधीची वाट पाहू नका, वर्गच तळमजल्यावर आणा. मुख्याध्यापकाची परवानगी आणि एक दुपार यांखेरीज त्याला काही लागत नाही.

मार्गदर्शक कोणाला करावे, असे मला विचारतात. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात पडद्यावर तक्ते दाखवणाऱ्याला करू नये, हे माझे मत आहे आणि ते एकांगी असेल. शाळेचा लिपिक आणि शाळेची सेविका यांच्याशी मैत्री करा. कोणत्या घरात कोणता कागद नाही हे लिपिकाला ठाऊक असते, आणि कोणते मूल डबा आणत नाही हे सेविकेला. आमच्या लिपिकाला मी त्या जूनमध्ये आधी विचारले असते, तर त्याने रजिस्टर मिटून माझ्या हातात दिले असते.

शिष्यवृत्तीचे अर्ज आता वर्गात नावे पुकारून वाटले जात नाहीत. प्रत्येक मुलाच्या दप्तरात एकसारखा बंद लिफाफा जातो, त्यात सर्व योजनांचे अर्ज असतात, मग त्या मुलाला ते लागू असोत वा नसोत. ज्याला जो अर्ज लागतो तो पालक भरून लिपिकाकडे देतात. कागद फार वाया जातो, अशी लिपिकाची दरवर्षी तक्रार असते आणि ती खरी आहे. त्या वर्षापासून जूनमधले कागदाचे दोन रिम मी आणतो.