सोलापुरात जुनी टपाची मॉरिस मायनर घेताय? आधी खालून बघा

जाहिरातीत "ओपन गाडी, रनिंग कंडिशन" एवढं वाचलं आणि टप (घडीचं कापडी छत) खाली केलेला फोटो बघितला की माणूस मनातल्या मनात टोकन देऊनच बसतो. तसं करू नका मालक. रंग, क्रोम, सीट हे सगळं नंतर बघायचं, या गाडीचा जीव खालच्या पत्र्यात असतो.

मी इथं मॉरिस मायनर ही जुनी इंग्लिश गाडी धरून सांगतोय. ही गाडी 1948 ला आली, टपाचं मॉडेल अगदी पहिल्यापासून होतं आणि ते 1969 पर्यंत बनत होतं, पुढची काच मधे पट्टी असलेली दोन तुकड्यांची असेल तर 1956 च्या बदलाआधीची समजायची. पार्ट आजही इंग्लंडात नवे बनतात आणि इंजिन इतकं साधं आहे की जुन्या अँबॅसिडर-फियाटवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री ते खोलून बसवतो. रनिंग गाडी म्हणजे शोची गाडी नव्हे हे डोक्यात पक्कं ठेवा. रंगाला ओरखडे चालतील, बंपरला डाग चालतील, रेक्झिन शिवलेलं चालेल, पण पत्रा, ब्रेक आणि स्टिअरिंग यात तडजोड नाही.

बघायला जाताना एक जुनी चादर (सोलापुरात तिची कमी नाही), टॉर्च, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि जॅक एवढं न्या. चादर गाडीखाली अंथरा आणि सरळ आडवे व्हा. साध्या मायनरला छत असतं, ते बॉडीला वरून धरून ठेवतं, टपाच्या गाडीला ते नाही म्हणून कंपनीने दाराखालच्या पेटीत जादा पत्रे टाकून मजबुती दिलीय. ती पेटी आतून गंजली की गाडी मधूनच वाकायला लागते. दाराखाली चुंबक फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुट्टी आहे. मागच्या पाट्याचे हँगर, जॅक लावायची जागा, पुढचे चेसिसचे दोन पाय, सगळीकडे बोटाने दाबून बघा, आणि खाली नवाकोरा जाड काळा अंडरकोट मारलेला दिसला तर जास्तच बारकाईने बघा कारण त्याखाली काय दडलंय ते मालकालाच माहीत.

मग दाराची फट बघायची, ही सगळ्यात महत्त्वाची टेस्ट. दोन्ही दारं बंद असताना दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा, मग जॅक लावून एक बाजू हळूहळू उचला आणि नजर त्या फटीवरच ठेवा. फट होती तशीच राहिली तर छान. वरची बाजू मिटायला लागली किंवा दार उघडताना अडकायला लागलं तर गाडी वाकतेय, विक्रेता कितीही म्हणू दे की बिजागरी सैल आहे.

आणखी एक, छत कापून केलेल्या गाड्या पण फिरतात. दोन दारी सलून (पक्क्या छताची गाडी) घ्यायची, छत उडवायचं, टप शिवायचा आणि ओपन म्हणून विकायची. आतली मजबुती नसेल तर अशी गाडी धोक्याची. चेसिस नंबर बघा, नंतरच्या गाड्यांत सुरुवातीला एम-ए-टी असेल तर कंपनीचीच टपाची, एम-ए-टू-एस असेल तर ती मुळात दोन दारी सलून. प्लेट, चेसिस आणि आरसी बुक तिन्ही जुळवूनच पुढं बोला.

इंजिन गार असतानाच बघायचं, म्हणून सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत स्टार्ट करू नका. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर कारण विचारा. चावी फिरवली की एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप टकटक टकटक करतो आणि कार्बोरेटर भरला की थांबतो. इंजिन बंद असताना टकटक चालूच राहिली तर कुठंतरी पेट्रोल गळतंय किंवा हवा ओढतोय. वायरिंग बघताना ध्यानात ठेवा, मूळ गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जाते, नव्या पोराने सवयीने उलटी जोडली की डायनॅमोचं काम निघालंच.

पुढच्या चाकांना वर-खाली ट्रनियन असतात, म्हणजे चाक वळवणारे, आट्यांवर फिरणारे सांधे. ग्रीस मारलं नाही तर आटे झिजतात आणि एक दिवस चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. जॅकवर चाक वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर किंमतीतून त्याचा खर्च वजा करा, आणि ग्रीस निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) धूळ चिकटून दगड झालाय का तेही बघा, गाडी कशी सांभाळली ते तिथंच कळतं.

ट्रायल नुसती सात रस्ता ते आसरा चौक अशी नको, विक्रेत्याला बरोबर घेऊन तुळजापूरच्या घाटात चढवा. चढाला इंजिन किती तापतंय ते समजतं, उतरताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडतो का ते समजतं (पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात जुळवून घेणारा भाग, नाही, तो थांबूनच टाकायचा, तिथं आवाज आला तर बिघाड समजू नका). चारी ड्रमचे ब्रेक एका बाजूला ओढतात का बघा. वर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवून परत स्टार्ट करा, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडायची शक्यता असते आणि ते इथंच कळतं.

टप आपल्या उन्हात लवकर जातो, शिवण कुजते आणि मागची प्लास्टिकची काच पिवळी पडते. सीट कव्हरवाला चांगला असेल तर नवा शिवता येतो, म्हणून फाटक्या टपासाठी चांगली गाडी सोडू नका, फक्त फ्रेम सरळ मिटते का ते बघा.

कागद. एमएच-13 ची असो की बाहेरची, आरसीची मुदत चालू आहे का आधी बघा, बाहेरची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी, आणि ट्रान्सफरला फॉर्म 29 आणि 30. 2021 च्या नियमाने 50 वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, नवीन नोंदणीला 20,000 आणि पुढं 10 वर्षांनी 5,000 रुपये, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. तुम्हाला रविवारी फॅमिली घेऊन फिरायचं असेल तर साधी नोंदणी चालू असलेलीच गाडी शोधा.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात रबरी पेट्रोल पाइप सगळे बदला, आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं, इथेनॉलला चालणारेच पाइप मागा. ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा, इंजिनात 20डब्ल्यू-50 ऑइल टाका, कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या घुमटातल्या नळीत) थोडं ऑइल घाला, आणि चारही ट्रनियनना नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारा, पुढं दर हजार किलोमीटरला परत.