खोकला ऐकत बसू नका, श्वास मोजा

बाळाची छाती घरघरली की घरात धावपळ सुरू होते. पण खोकल्याच्या आवाजावरून फारसं कळत नाही. कळतं ते श्वासावरून. बाळ झोपलेलं किंवा शांत असताना झबलं वर सरकवा, मोबाइलवर टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण एक मिनिट. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना मोजलेला आकडाही धरू नका.

२ महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना गाठा. २ महिने ते वर्षापर्यंत ५०, पुढे ५ वर्षांपर्यंत ४० भरले तरी त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर मोजत बसू नका, निघा.

साध्या सर्दीत नाकात सलाईनचे थेंब आणि अंगावरचं दूध बहुतेकदा पुरतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी. आणि मोठ्या भावंडाची उरलेली खोकल्याची बाटली? ती फेकूनच द्या.