काय-स्क्वेअरमध्ये टक्के भरले होते: माझा अनुभव

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या 40 घरांत फिरले. प्रश्न साधा होता: आई सातवीपर्यंत शिकलेली असेल तर मुलगी दहावीपुढे जाते का? शिकलेल्या आयांच्या 20 घरांत 12 मुली पुढे गेल्या होत्या, बाकीच्या 20 घरांत 8.

म्हणजे 60 टक्के आणि 40 टक्के. हेच टक्के मी तक्त्यात भरले आणि काय-स्क्वेअर (दोन गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासायची संख्या) आला 8. पाच टक्के पातळीला, 2×2 (दोन ओळी, दोन रकाने) तक्त्यासाठी मर्यादा 3.84; संख्या त्याहून मोठी आली तर नुसत्या योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. फरक लक्षणीय आहे असं लिहूनही टाकलं.

मग हाताने पडताळताना तक्त्याची बेरीज 200 आली. घरं तर 40! टक्के भरल्यामुळे नमुना पाचपट फुगला होता, आणि त्याबरोबर काय-स्क्वेअरही. खरे आकडे घेतले तर प्रत्येक चौकटीत अपेक्षित संख्या (आईच्या शिक्षणाने काहीच फरक पडत नसता तर आली असती ती) 10, फरक 2, त्याचा वर्ग 4, भागिले 10 म्हणजे 0.4. चार चौकटींचे मिळून 1.6, म्हणजे 3.84 च्या बरंच खाली.

फार वाईट वाटलं. मांडीवरचं सूप न हलवता, हात चालू ठेवून त्या मावशींनी मला तासतासभर माहिती दिली होती; त्यांच्याबद्दल चुकीचं विधान छापलं जाणार होतं. आता लिहिलंय: फरक दिसतो, पण एवढ्या घरांवरून तो योगायोग नाही असं म्हणता येत नाही. ‘संबंधच नाही’ असंही यातून सिद्ध होत नाही, हे वाक्य मुद्दाम घातलं.

तक्ता भरला की आधी बेरीज घरांच्या संख्येशी जुळवा. अपेक्षित संख्या 5 च्या खाली जात असेल तर फिशरची अचूक कसोटी (लहान नमुन्यांसाठीची पद्धत) घ्या.