हॉट टब घ्यायचाय? आधी वाट मोजा

न्यू जर्सीत किंवा अशाच थंडीच्या भागात घर आहे, मागे बॅकयार्ड आहे आणि हिवाळ्याआधी हॉट टब बसवायचा विचार चाललाय, अशांसाठी ही यादी आहे. दुकानात जाण्याआधी, जेट (पाण्याचा जोरदार झोत सोडणारी तोंडं) किती यावर घरात वाद सुरू होण्याआधी टेप घ्या. ट्रक जिथे उभा राहील तिथून टब जिथे बसणार तिथपर्यंतची वाट मोजा. आमच्याकडे चौथरा तयार होता, वायर ओढून झाली होती, परमिट हातात होतं आणि टब घराच्या कडेला एसीच्या युनिटपाशी अडला. ट्रकवर चढून परत गेला. वाट कोणी मोजलीच नव्हती.

मोजायची कशी ते नीट सांगते. टब सपाट आणत नाहीत, एका कडेवर उभा करून चाकांच्या गाडीवरून ढकलत आणतात. म्हणजे सात फूट लांब, सात फूट रुंद आणि तीन फूट उंच टब वाटेत असताना त्याची उंची सात फूट अधिक गाडीची उंची होते, आणि रुंदी तीन फूट अधिक पॅकिंग, अधिक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्यांचे हात. ३६ इंची टब ३६ इंची गेटातून जात नाही. गेट मोजताना बिजागऱ्या आणि कडी सोडून जी मोकळी जागा उरते तीच धरा. आणि गेटपाशी थांबू नका! गॅसचा मीटर, विजेचा मीटर, एसीचं युनिट, खिडकीचा पुढे आलेला भाग, बागेचा नळ, प्रत्येक ठिकाणी वेगळं माप घ्या आणि लिहून ठेवा. त्यातलं सगळ्यात लहान माप हीच तुमच्या वाटेची रुंदी. मग वर बघा: छताची पन्हळ, फांद्या, केबलची तार. साडेआठ-नऊ फूट मोकळे हवेत. मग वळणं बघा, कारण सात फुटांची वस्तू अरुंद बोळात काटकोनात वळत नाही. मग पायऱ्या, चढ, पावसात चिखल होणारी लॉन.

‘चार मित्रांना बोलावू, उचलून नेऊ’ हे डोक्यातून काढून टाका. रिकामा टबसुद्धा सातशे-नऊशे पौंडांचा असतो. वाट अपुरी असेल तर शेजाऱ्यांना आधीच विचारून कुंपणाचा एखादा भाग तात्पुरता काढता येतो. बहुतेक वेळा हाच सगळ्यात स्वस्त उपाय. नाहीतर क्रेन. तिचा खर्च टब निवडण्याआधी विचारा, वर विजेच्या तारा आहेत का ते बघा, आणि सेप्टिक टँक असेल तर त्यावरून कोणतंही जड वाहन जाऊ देऊ नका. डीलरचा माणूस प्रत्यक्ष येऊन वाट बघून जाऊ दे. फोनवरचं ‘होईल, होईल’ चालणार नाही.

आता पाया. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. ४०० गॅलनचा टब भरला, त्यात पाच-सहा माणसं बसली की सगळं मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास जातं. सात बाय सातच्या जागेवर हा भार दर चौरस फुटाला शंभर पौंड होतो. घराचं साधं डेक सहसा दर चौरस फुटाला चाळीस पौंड धरून बांधलेलं असतं. त्यामुळे डेकवर ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरने लिहून दिल्याशिवाय नाही, म्हणजे नाही. जमिनीवर ठेवायचा असेल तर दाबलेल्या खडीवर सळई घातलेला चार इंची काँक्रीटचा स्लॅब, एका पातळीत. ज्या बाजूला पंप आहे तिथे मेकॅनिकला बसता येईल इतकी जागा सोडा.

वीज. मोठ्या टबाला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन लागते, बहुधा ५० अँपची, जीएफसीआय संरक्षणासह (करंट गळला की वीज लगेच तोडणारं उपकरण). बंद करायचा स्विच टबावरून दिसला पाहिजे आणि पाण्यापासून निदान पाच फूट लांब हवा. जुन्या घराच्या पॅनेलमध्ये एवढी जागा आहे का, हे इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. पॅनेल बदलावं लागलं तर अख्खं बजेट बदलतं. साध्या ११० च्या सॉकेटवर चालणारे टब मिळतात, पण त्यांचा हीटर साधारण एक किलोवॅटचा असतो. ४०० गॅलन पाणी ५० अंश फॅरनहाइटवरून १०० वर न्यायला सुमारे ४९ युनिट वीज लागते. म्हणजे दोन दिवसांहून जास्त वेळ, आणि जानेवारीत त्याहून वाईट. साडेपाच किलोवॅटचा हीटर हेच काम नऊ-दहा तासांत करतो. वायरसाठी चर खणायच्या आधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या लाइन कुठे आहेत त्याच्या खुणा करून देतात. आणि हो, नवा स्विचबॉक्स किंवा पाइप त्याच अरुंद बोळात भिंतीवर बसवू देऊ नका. चार इंच तिथेच जातात. बसवलाच असेल तर वाट पुन्हा मोजा.

परमिट टाउनशिपचं (स्थानिक पालिकेचं), मंजुरी एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची. दोन्ही लेखी. कुलूप लागणारं, एएसटीएम एफ१३४६ या सुरक्षा मानकाचं कव्हर असेल तर बऱ्याच ठिकाणी कुंपणाच्या अटीतून सूट मिळते. तुमच्याकडे मिळते का ते विचारा.

मग निवड. जेटच्या आकड्याला भुलू नका, ऐंशी जेट आणि कमकुवत पंप असेल तर नुसते बुडबुडे येतात. पोहायचे कपडे घेऊन जा आणि दुकानातल्या भरलेल्या टबात बसून बघा. आडवं होण्याची सीट दिसायला छान असते, पण उंची कमी असलेली माणसं तिच्यात तरंगतात. आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिने येऊन राहणार असतील तर त्यांचे गुडघे डोळ्यांसमोर ठेवून निवडा: रुंद पायरी, धरायला कठडा, आत उतरताना पाय टेकेल अशी सीट. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, कोणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. १०४ अंश फॅरनहाइट ही निरोगी मोठ्या माणसासाठीची कमाल मर्यादा आहे, रोजचं तापमान नव्हे. इन्सुलेशन आणि कव्हरचा फोम यांवर पैसे वाचवू नका, दर महिन्याच्या बिलात ते भरावे लागतात. वॉरंटी शेल (टबाचं कवच), पाइप, हीटर आणि मजुरी यांची वेगवेगळी असते, चारही वाचा.

ऑनलाइन स्वस्तात मिळतोय? डिलिव्हरी कुठपर्यंत ते बघा. बऱ्याचदा ट्रकवाला ड्राइव्हवेच्या तोंडाशी ठेवून निघून जातो. पुढची वाट तुमची, आणि ती मोजलेली असली पाहिजे. शेवटच्या क्षणी दोन इंच उंच मॉडेलवर मन गेलं तर पुन्हा मोजा. टब यायच्या आदल्या दिवशीही एकदा मोजा, कुंडी, ग्रिल, मुलांच्या सायकली हलवा.

आल्यावर: पाणी भरल्याशिवाय ब्रेकर चालू करू नका. टेस्ट स्ट्रिप्स, पीएच ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम. क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरायचं तर दोन्ही कधीही एकत्र मिसळू नका. केसांना तेल लावून कोणी आत जायचं नाही, दिवाळीच्या पहाटेसुद्धा. अभ्यंगस्नान घरात आटपा, साबणाने धुवा, मग या. तेल-उटणं फिल्टरमध्ये बसतं आणि पाण्यावर फेस धरतो. पाणी दर तीन-चार महिन्यांनी बदला, क्लोरीन उतरल्यावरच सोडा, रस्त्याच्या गटारात नाही. डिसेंबरमध्ये भारतात जाणार असाल तर टब बंद करू नका, पाइप गोठून फुटतात. तापमान खाली आणा आणि वीज गेली तर बघायला येईल अशा शेजाऱ्याकडे किल्ली आणि मेकॅनिकचा नंबर देऊन जा.