ट्रकमध्ये नवं तंत्रज्ञान बसवण्याआधी हिशोब कसा करावा?

दिवाळीच्या आसपास जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) सुरू झाल्या की विदर्भात हिंगणघाट, पांढरकवडा, वणी भागात गाड्यांना काम वाढतं. हातात थोडा पैसा येतो आणि जीपीएस, टाकीतलं डिझेल मोजणारा सेन्सर, डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा), टायरचं प्रेशर दाखवणारी यंत्रणा यांपैकी काहीतरी घ्यावं असं मालकाला वाटू लागतं. एक ते दहा गाड्या असलेल्या मालकांसाठी हे लिहितोय. मोठ्या कंपनीला चुकीची खरेदी पचते. भाड्यातून हप्ता भरणाऱ्या माणसाला ती पचत नाही, म्हणून त्याने जास्त बारकाईने बघायला हवं.

पैसा कुठून गळतोय ते आधी शोधा

किमान दोन महिने वही ठेवा. प्रत्येक खेपेचे किलोमीटर, भरलेलं डिझेल, गाडी भरलेली होती की रिकामी, किती तास उभी राहिली, टायर-पंक्चरचा खर्च, एवढं लिहा. ॲव्हरेज काढताना टाकी फुल करा, खेप संपल्यावर परत फुल करा आणि दुसऱ्यांदा जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागा. अर्धवट टाकीवरून काढलेला आकडा काही कामाचा नाही. भरलेल्या आणि रिकाम्या फेरीचा ॲव्हरेज वेगळा लिहा. कोळशाची गाडी बहुतेक वेळा एका बाजूने रिकामीच येते, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र केले की खरं चित्र दिसत नाही.

डिझेल कमी पडलं की मालकाचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. पण घुग्घुस-वणीकडे कोळशाच्या खाणीवर किंवा रेल्वे सायडिंगवर (मालगाडीत माल भरतात तिथे) गाडी लाइनीत उभी असते, इंजिन चालू असतं, आणि मोठं इंजिन उभ्या-उभ्या तासाला साधारण दोन-तीन लिटर डिझेल पितं. ही गळती वहीत दिसली तर ड्रायव्हरशी नीट बोलूनच बरीच थांबते, त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. वरूड-मोर्शीहून संत्रा दूरच्या मार्केटला नेणाऱ्याचं दुखणं वेगळं आहे. तिथे उशीर झाला की माल खराब व्हायला लागतो. गाडी आत्ता कुठे आहे आणि कधी पोचेल हे व्यापाऱ्याला सांगता येणं त्याच्यासाठी डिझेलच्या बचतीपेक्षा मोलाचं असू शकतं.

गाडीत काय आहे ते बघा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम पाळणाऱ्या) गाड्या सक्तीच्या झाल्या. त्यानंतरच्या अनेक गाड्यांत, गाडी कुठे आहे आणि कशी चालतेय हे मोबाइलवर दाखवणारी कंपनीचीच यंत्रणा बसवलेली असते. टाटाची फ्लीट एज, अशोक लेलँडची आय-अलर्ट, महिंद्राची आयमॅक्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. तुमच्या मॉडेलमध्ये ती आहे का, मोबाइलवर चालू होते का, फुकटची मुदत किती आणि नंतर किती पैसे लागतात, हे डीलरकडे जाऊन विचारा. जे गाडीत आहे तेच बाहेरून पुन्हा विकत घेऊ नका.

हिशोब हंगाम धरून करा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समजा हंगामात गाडी महिन्याला ६,००० किलोमीटर चालते आणि लिटरला ४ किलोमीटरचा ॲव्हरेज देते. म्हणजे १,५०० लिटर डिझेल. दर सोयीसाठी ९० रुपये धरू. विकणारा सांगतो, ३ टक्के वाचतील. महिन्याला ४,०५० रुपये झाले आणि तो त्याला सरळ १२ ने गुणतो: ४८,६०० रुपये.

पण आपल्याकडे गाडी बारा महिने सारखी चालत नाही. सात महिने हंगामाचे धरा आणि उरलेल्या पाच महिन्यांत २,००० किलोमीटरच धरा. मग वर्षाची बचत ३५,१०० रुपये होते. आता बचतीचा दावा निम्मा करा, कारण तो दावा विकणाऱ्याचा आहे. उरले १७,५५०. यंत्र २५,००० चं आणि वर्षाचं शुल्क ४,००० असेल, तर हातात वर्षाला १३,५५० राहतात आणि किंमत वसूल व्हायला जवळपास २२ महिने लागतात. विकणाऱ्याच्या हिशोबाने तेच सात महिने दिसत होते.

माझं मत असं: निम्म्या बचतीवरही दोन वर्षांत पैसे सुटत असतील तरच पुढे जा. जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा होणं) तुम्हाला मिळत नसेल तर किंमत करासकट धरा. बसवायला गाडी नागपूरला न्यावी लागली तर त्या दिवसाचं बुडालेलं भाडंही धरा.

विकणाऱ्याला काय विचारायचं

एटापल्ली, भामरागड, मेळघाटात रेंज जाते. तेव्हा जीपीएस नोंद साठवून ठेवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं का? डिझेल सेन्सर बसवताना टाकीला छिद्र पाडावं लागतं का, आणि वायरिंगला हात लावल्याने गाडीची वॉरंटी जाते का? टाकी थोडी-थोडी भरत सेन्सर जुळवून देणार का? ते केलं नाही, तर लिटरचा आकडा चुकेल, चोरीचा खोटा इशारा येईल आणि बिचारा ड्रायव्हर नाहक बदनाम होईल. बिघाड झाला तर माणूस वणीला येणार की गाडी त्याच्याकडे न्यायची?

टायरच्या यंत्रणेबद्दल थोडं जास्त सांगतो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. मागच्या जोडीतला आतला टायर बसला तरी बाहेरच्याच्या आधाराने गाडी चालत राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे जड गाडीला ही यंत्रणा खरोखर उपयोगी आहे. तरीही आधी चांगला प्रेशर गेज घ्या आणि सकाळी टायर थंड असताना रोज हवा मोजा. दोन महिने हे केल्यावर फुटणं थांबलं, तर मोठा खर्च पुढे ढकलता येईल.

एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) किंवा विजेवर चालणाऱ्या ट्रकचं एका वाक्यात सांगता येतं: तुमच्या ठरलेल्या मार्गावर, परतीच्या वाटेवरसुद्धा, भरायची सोय नसेल तर आज तो विचार नको.

एकाच गाडीवर करून बघा

एकाच मार्गावर, एकाच मालाच्या दोन गाड्या निवडा. एकीला यंत्र बसवा, दुसरी आहे तशी ठेवा आणि दोघींची वही दोन-तीन महिने सारखीच लिहा. ड्रायव्हर मध्येच बदलू नका. त्याला आधी विश्वासात घ्या: वाचलेल्या डिझेलचा ठरावीक हिस्सा तुझा, असं स्पष्ट सांगा आणि दर महिन्याला हातात द्या. डॅशकॅम असेल तर अपघातात चूक त्याची नसल्याचा पुरावा त्यात राहतो, हेही सांगा. घरातला कोणी रोज दहा मिनिटं मोबाइलवरची नोंद बघणार आहे का, हेही याच काळात कळेल. कोणी बघणार नसेल तर यंत्र घेऊ नका.

फरक दिसला तर बाकीच्या गाड्यांसाठी भाव करा. वर्षाचं शुल्क किती वर्षं वाढणार नाही, गाडी विकली तर यंत्र दुसऱ्या गाडीवर लावून मिळेल का आणि जुनी नोंद तुम्हाला मिळेल का, हे तिन्ही पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.