जुन्या मोटारीतील पॉवर विंडोचे स्विच: बदलण्याआधी उघडून पाहा

जुन्या मोटारीची काच अडखळत वर जात असेल, तर नवा स्विच शोधण्याआधी मूळ स्विच उघडून पाहावा, कारण अशा अनेक गाड्यांत रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) नसल्याने काच हलवणाऱ्या मोटरचा संपूर्ण विद्युतप्रवाह स्विचमधूनच वाहतो आणि ठिणग्यांमुळे आतील संपर्कबिंदू काळे पडतात. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. आतील बारीक स्प्रिंग आणि गोळ्या उडून हरवतात व त्या पुन्हा मिळणे फार कठीण असते, म्हणून स्विच पारदर्शक पिशवीत हात घालूनच उघडावा आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. घट्ट झालेले जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. काजळी 1000 क्रमांकाच्या (ग्रिट) किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढावी, कानस मात्र मुळीच वापरू नये, कारण संपर्कबिंदूंवरील चांदीचा मुलामा एकदा गेला की ते लवकर जळतात. जोडणीनंतर काच वर जात असताना स्विचमध्ये येणारी आणि त्यातून मोटरकडे जाणारी तार यांमधील व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा बरेच अधिक असल्यास स्विच बदलणेच योग्य. काचेच्या खाचेतील रबर कडक झाले असेल, तर तेही बदलावे, अन्यथा मोटर जादा प्रवाह खेचून नवा स्विचही खराब करते.